बॅटरी मरते ती उन्हाळ्यात

पेरणी आटोपते, सोयाबीन दोन पानांवर येते आणि तण त्याच्याही आधी डोके वर काढते. त्या आठवड्यात माझ्या दुकानापुढे पाठीवरचे फवारणी पंप ओळीने मांडलेले असतात. बहुतेक मंगरूळपीर तालुक्यातले, काही शेलूबाजारकडून आलेले, थोडे मानोरा आणि कारंज्याच्या वाटेवरचे. तक्रार एकच : "बॅटरी बसली, भाऊ." त्यापुढचे वाक्यही ठरलेले : "मागच्या सालीच तं घेतला पंप. चार-पाच एकर फवारलं असन, जास्त नाई."

हे दुसरे वाक्य खरे असते आणि रोगाचे निदानही त्यातच असते. पंप कमी चालला म्हणजे बॅटरी जास्त टिकायला हवी, असा शेतकऱ्याचा साधा हिशेब. बैल, नांगर, मोटरसायकल, सगळ्यांना तो लागू पडतो. बॅटरीला पडत नाही. इतकी वर्षे हे पंप उघडल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, आमच्याकडे बॅटरी कामाने थोडी झिजते आणि पडून राहून मरते.

आमचे पीकचक्रच तसे आहे. वाशीम जिल्ह्याचे खरिपाचे शिवार मुख्यतः सोयाबीनचे, त्यात तुरीच्या ओळी. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशक. मग चक्री भुंगा, खोडमाशी, उंटअळी यांच्यासाठी ऑगस्टअखेरपर्यंत एक-दोन फवारण्या. तुरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना. हरभऱ्यावर घाटे अळी दिसली की डिसेंबर-जानेवारीत शेवटचा हात. त्यानंतर पंप गोठ्यात जातो. बॅटरी अर्धी-पाऊण उतरलेली असते, कारण शेवटच्या टाकीनंतर चार्जिंगला लावायचे कोणाच्या मनात येणार? वर तापलेले टिन, खाली खताची रिकामी पोती. फेब्रुवारी ते जून असा मुक्काम, आणि त्यातला एप्रिल-मे म्हणजे बाहेरच ४३-४४ अंश.

पंपातली नेहमीची बॅटरी म्हणजे शिशाची, बंद, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तास. आत प्रत्येकी दोन व्होल्टची सहा घरे, शिशाच्या पट्ट्या आणि काचतंतूंच्या कापडात शोषून धरलेले सल्फ्युरिक आम्ल. मूळ कल्पना फ्रान्सच्या गास्टन प्लान्तेची, १८५९ मधली. म्हणजे आपल्याकडे १८५७ चे बंड शमत होते तेव्हाची ही वस्तू. बॅटरी उतरते तेव्हा पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक, मऊ कण बसतात. चार्ज केली की ते विरघळून परत मूळ रूपात जातात. पण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी तशीच ठेवली, तर हेच कण मोठे होत जातात, कडक होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. बाजारात याला 'थर बसला' म्हणतात. थर बसला तेवढा पट्टीचा भाग कायमचा कामातून गेला.

त्यात उष्णतेची भर. अशी बॅटरी काही न करता ठेवली तरी स्वतःहून उतरत राहते. २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के. दर १० अंशांना हा वेग सुमारे दुप्पट होतो. टिनाखाली ४५ अंश धरले तर महिन्याला १२ टक्क्यांच्या आसपास. जानेवारीत तिच्यात ४० टक्के उरले असतील, तर मृगापर्यंत काय उरणार ते कागद-पेन्सिलीशिवायही कळते. शिवाय उष्णतेने आयुष्यही घटते. सतत १० अंश जास्त तापमानात ठेवलेल्या बंद बॅटरीचे वय निम्मे होते, असा या धंद्यातला जुना अंदाज आहे आणि आमच्या उन्हाळ्याने तो कधी खोटा पाडलेला नाही.

आणखी एक छुपा चोर आहे. हल्लीच्या पंपांवर व्होल्ट दाखवणारे लाल आकड्यांचे छोटे मीटर असते. काही पंपांत ते मोटरच्या बटणानंतर जोडलेले असते, काहींत आधीच. आधी जोडलेले असले, किंवा बटण चालूच राहिले, तर ते रात्रंदिवस जळते. अशा मीटरला २० मिलिअँपिअर लागतात असे धरा. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. भरलेली ८ ची बॅटरीसुद्धा सतरा दिवसांत कोरडी. म्हणून हंगाम संपल्यावर बॅटरीचा एक पॉइंट काढून टेप लावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. घरात पाना शोधण्याचेही काम नाही. बहुतेक पंपांत हातानेच ओढून निघणारी पिन असते.

दुकानात आलेला प्रत्येक 'बॅटरी बसली' पंप बॅटरीचाच रोगी असतो असेही नाही. आधी मी झाकण काढून पॉइंट पाहतो. विद्राव्य खते, औषध आणि पाठीवरचा घाम एकत्र येऊन पिनांवर हिरवा-पांढरा थर धरतात आणि सगळा जोर तिथेच अडतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसले, कोरडे केले, व्हॅसलिनचा हात फिरवला की अर्धे पंप तिथेच उठून बसतात. त्याचे मी चहापुरते पैसे घेतो. मग फ्यूज, मग टाकीतली जाळी, मग प्रेशर स्विच. गाळ अडकून मोटर गुरगुरत असते आणि दोष बॅटरीच्या नावावर जातो.

एवढे करून संशय बॅटरीवरच राहिला, तर मीटर लावतो. चार्जरवरून काढून काही तास ठेवलेली चांगली बॅटरी १२.७-१२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १०.५ म्हणजे तळ. पण नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नये, थर बसलेली बॅटरीसुद्धा मोकळी असताना ऐटीत १२.६ दाखवते. त्यासाठी माझ्याकडे जीपच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब आहे, दोन चिमट्यांना जोडलेला. तो साधारण ५ अँपिअर ओढतो. निरोगी बॅटरी १२ च्या आसपास येऊन तिथून हळूहळू उतरते. मेलेली बॅटरी मिनिटभरात १०-११ वर कोसळते आणि बल्ब पिवळा पडतो. हा बल्ब दाखवल्यावर गिऱ्हाइकाशी वाद होत नाही. महागडे टेस्टर मिळतात, पण त्यातून निघालेल्या चिठ्ठीपेक्षा पिवळा पडणारा बल्ब लोकांना जास्त पटतो.

"पण हिरवा लाइट तं येते ना भाऊ," एक काका दरवर्षी म्हणतात. येतो. थर बसलेल्या बॅटरीत माल मावतच नाही, म्हणून तिचे व्होल्ट झटकन चढतात आणि चार्जरला वाटते, झाले. ८ ची उतरलेली बॅटरी १.७ अँपिअरच्या चार्जरवर भरायला पाच-सात तास लागतात. अर्ध्या तासात हिरवा दिवा लागला तर ती चांगली बातमी समजू नका.

पुष्कळजण विचारतात, वरची रबरी टोपणे काढून डिस्टिल्ड वॉटर घातले तर? घालणारे आहेत. आमच्याच बाजारात आहेत. सुकलेल्या बॅटरीला त्याने थोडे दिवस तरतरी येतेही, पण ऐन फवारणीत, शेताच्या मध्यावर ती पुन्हा बसते आणि मजुराची रोजी वाया जाते. मी ते करत नाही. फार उतरलेली, पण वयाने नवी बॅटरी असेल तर बारीक करंटवर दोन-तीन दिवस धीराने चार्ज करून पाहतो. काही परत येतात. येतील असा शब्द मात्र देत नाही.

आता निवडीचे. पंपाच्या खोक्यावर 'एका चार्जिंगमध्ये २० टाक्या' असे काहीबाही छापलेले असते. ८ अँपिअर-तास हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा असतो, म्हणजे ०.४ अँपिअरने. पंपाची मोटर ओढते अडीचच्या आसपास. त्या ओढीला हाती साडेसहा-सातच लागतात. १६ लिटरची टाकी फिरवायला दहा मिनिटे धरली, तर नवी बॅटरी पंधरा टाक्यांपर्यंत जाते. एकराला आठ-दहा टाक्या मारणाऱ्याला दीड एकर. डबल मोटरचा पंप घेतला तर ओढ चार-पाचवर जाते. त्यात ८ ची बॅटरी म्हणजे दिवस अर्धाच, तिथे १२ अँपिअर-तासच हवी. आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची सवय नको. या बॅटऱ्यांच्या माहितीपत्रकांत ढोबळ आकडे असतात : दर वेळी पूर्ण रिकामी केली तर दोन-अडीचशे फेऱ्या, निम्म्यावर थांबलात तर त्याच्या दुप्पट. दुपारी जेवायला घरी आलात तर तासभर पिन लावा, एवढाच त्याचा अर्थ.

नवी बॅटरी घेताना दुकानदाराला मीटर लावायला सांगा. लाजू नका. १२.६ च्या खाली दाखवणारी नवी बॅटरी गोदामात एक उन्हाळा काढून आलेली असण्याचा संभव फार. अंगावरची तारीख पाहा. भारी दिसणाऱ्या स्टिकरपेक्षा हातात घेऊन वजन पाहणे बरे. ८ ची शिशाची बॅटरी सव्वादोन-अडीच किलोची असते. फार हलकी लागली तर आत शिसे कमी आहे.

२०२४ मध्ये महाडीबीटीवर १०० टक्के अनुदानाने बॅटरीचे पंप आले. लॉटरीत नाव निघालेले लोक खुशीत पंप घेऊन गेले. सोबतची पुस्तिका पिशवीतच राहिली. पुढच्या मृगात त्यातले काही माझ्याकडे आले तेव्हा प्लास्टिकवरची चकाकीसुद्धा गेली नव्हती. पंपात काही वाईट नव्हते. एक उन्हाळा त्यांनी टिनाखाली काढला होता, बस.

इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण पंपाची ताकद वाढवून मागणारे खूप येतात. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, कीटकनाशकांची मिश्रणे, दमट हवा आणि अंगावर साधा सदरा. त्या वेळच्या चर्चेत जोराने बारीक फवारा मारणाऱ्या पंपांचेही नाव आले होते. मानोऱ्याकडचे कितीतरी लोक सोयरिकीने त्या जिल्ह्याशी जोडलेले, त्यामुळे ती बातमी आमच्याकडे पेपरातून येण्याआधी फोनवरून आली.

जुना पितळी हातपंप आठवा. डाव्या हाताने दांडा मारायचा, उजव्या हातात नळी. दोन टाक्यांत खांदा भरून यायचा आणि माणूस बांधावर बसायचा, तोंड धुवायचा, सावलीला जायचा. बॅटरीला खांदा नाही. ती सकाळी सातपासून दुपारपर्यंत त्याच जोराने चालते आणि माणूसही तिच्या मागे चालत राहतो, त्याच धुक्यातून. मी धंद्याने बॅटरी टिकवणारा, पण हा भाग मला अजून खटकतो. म्हणून 'जोर वाढवून द्या' म्हणणाऱ्याला मी आधी नोझल विचारतो. तणनाशकाला कमी दाबावर पंख्यासारखी पसरणारी, मोठ्या थेंबाची नोझल लागते. तिथे रेग्युलेटर खाली ठेवायचा. फवारा जितका बारीक, तितका तो वाऱ्याबरोबर तुमच्याच नाकाकडे येतो आणि शेजाऱ्याच्या तुरीवर जातो. त्यात दाब कमी ठेवला की मोटरची ओढही घटते, बॅटरी दोन टाक्या जास्त देते. मजुराच्या जिवाचे सांगून न ऐकणारे मालक हे दुसरे कारण मात्र लगेच ऐकतात. मी तेही सांगतो.

गेल्या काही वर्षांत लिथियम आले. एक-सव्वा किलोने पाठ हलकी होते. भरलेल्या १६ लिटरच्या टाकीखाली वाकलेल्या माणसाला तो फरक कळतो. पण पंपात दोन प्रकारचे लिथियम येते आणि चार्जरची पिन सगळ्यांची सारखीच. तीन सेलचा लिथियम-आयन पॅक १२.६ व्होल्टला भरतो. चार सेलचा लिथियम फॉस्फेट १४.६ ला. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ च्या आसपास जातो. घरात दोन पंप, दोन चार्जर, एकच फळी, आणि रात्री दिवे गेलेले असताना हाताला येईल ती पिन लावायची. बारा-सहाच्या पॅकला चौदा-सहाचा चार्जर लागला, तर मध्ये फक्त आतले संरक्षक सर्किट उभे असते, आणि स्वस्त पॅकमध्ये ते कितपत उभे राहील याची खात्री मी देणार नाही. चार्जरवर आणि पंपावर एकाच रंगाचे नेलपॉलिश लावा. घरात असतेच.

ड्रोनची गोष्ट आणखी निराळी. 'नमो ड्रोन दीदी' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. १,२६१ कोटींची योजना, बचत गटांना ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये साहाय्य. आमच्या भागातल्या एका गटाच्या ताई अधूनमधून दुकानात येतात, चार्जरची वायर नाहीतर सॉकेट बदलायला. त्यांच्या पेटीतले पॅक पाहिले की माझ्या ८ च्या बॅटऱ्या खेळणी वाटतात. सहा सेल, २२.२ व्होल्ट, १६ अँपिअर-तास, असे दोन एका वेळी लागतात. दहा लिटरची टाकी घेऊन दहा मिनिटांच्या आत एक एकर, आणि जोडी उतरली. म्हणून ड्रोनच्या कामात पायलट जितका लागतो, तितकाच मागे बसून बॅटऱ्यांचा हिशेब ठेवणारा माणूस लागतो. असा एकच पॅक सावकाश, तासाभरात भरायचा तरी ४०० वॉट. घाईचा, दोन जोड्यांचा चार्जर गावातल्या साध्या प्लगवर लावला तर प्लग वितळतो. मला मिळालेले काम हेच होते.

ड्रोनचे हे पॅक लिथियम-पॉलिमरचे, आणि त्यांची तऱ्हा शिशाच्या बरोबर उलट. शिशाला भरल्या पोटी निजवावे लागते, लिथियमला अर्ध्या पोटी. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. तो तसाच महिनाभर उन्हाळ्यात ठेवला की आत वायू धरतो आणि पॅक फुगतो. साठवायचा तर दर सेल ३.८-३.८५, म्हणजे सहाच्या पॅकला २३ च्या आसपास. ३ च्या खाली उतरवला तरी गेलाच. ताईंची अडचण अशी की रात्री चार जोड्या भरून ठेवायच्या आणि सकाळी पाऊस. आमच्या पावसाचा भरवसा काय? एक-दोन दिवस भरलेले राहिले तर चालते. झड लागून आठवडा गेला तर चार्जरवरचा साठवणीचा पर्याय वापरून ते उतरवून ठेवायचे. त्यांनी आता वहीच केली आहे : जोडीचा क्रमांक, उड्डाण, प्रत्येक सेलचा व्होल्ट. सेलांमध्ये पाच शतांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू लागला की ती जोडी बाजूला.

हे शिस्तीचे वळण शेतकऱ्यांच्या आधी हौशी लोकांनी लावले, हे मला पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडून कळले. रिमोटच्या मोटारी, छोटी विमाने, आणि परदेशात एअरसॉफ्ट नावाचा खेळ आहे त्यातल्या प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुका. जपानच्या टोकियो मारुई कंपनीने विजेवर चालणारी तसली पहिली बंदूक १९९१ मध्ये काढली. तेव्हा त्यात निकेलचे सेल असायचे, आता बहुधा ७.४ किंवा ११.१ व्होल्टचे हेच लिथियम-पॉलिमर. ते लोक रविवारी खेळतात आणि सोमवारपासून पॅक अर्ध्यावर, आगीत न पेटणाऱ्या पिशवीत ठेवतात. खेळण्यासाठी एवढे करणारे लोक जगात आहेत म्हटल्यावर लाखांच्या ड्रोनसाठी करायला हरकत नाही, असे ताईंचे म्हणणे. आमच्याकडे त्या पिशवीऐवजी वाळूने अर्धी भरलेली लोखंडी पेटी चालते, घराबाहेरच्या पडवीत, कडब्यापासून लांब. उतरलेला गरम पॅक थंड झाल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही, आणि चार्जिंग चालू असताना शेजारी माणूस हवाच.

शिशाच्या बॅटरीवाल्यांना मात्र इतके काही करावे लागत नाही. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली की टाकी आणि नळी साध्या पाण्याने धुवा, बॅटरी पूर्ण भरा, एक पिन काढून टेप लावा आणि पंप टिनाखालून उचलून घरात, कोठीच्या थंड कोपऱ्यात ठेवा. मग होळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया असे सण येतीलच. प्रत्येक सणाला एक रात्र चार्जर लावा. चार्जर कट होणारा असावा. न थांबणारा स्वस्त चार्जर आठवडाभर लावून ठेवलात तर बॅटरी सुकून फुगेल.

एवढे करूनही बॅटरी एक दिवस जातेच. ती भंगारवाल्याला किलोने देऊ नका. शिसे काढण्यासाठी ती कुठेतरी फोडली जाते, आम्ल नालीत जाते आणि शिशाचा धूर आसपासच्या लेकरांच्या अंगात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आम्ही त्या वितरकामार्फत वर पाठवतो. शिशाच्या जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होतात. लिथियमच्या पॅकचे आज आमच्याकडे काही मिळत नाही. तरी दोन्ही टोकांना टेप लावून तो आणून द्या.